वेंगुर्ले ते वरूड : माघ-फाल्गुनातला बहर

कोकणातल्या वेंगुर्ल्यापासून विदर्भातल्या वरूडपर्यंत, झाडांचा बहर आणि हवामान नोंदत जायचा हा नऊ दिवसांचा मार्ग फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यासाठी आखलेला आहे. पंधरा दिवस आधी निघालं तर विदर्भातला पळस काळसर मखमली कळ्यांतच अडकलेला असतो. पंधरा दिवस उशीर केला तर काटेसावरीखाली सुकलेल्या पाकळ्यांचा सडा तेवढा उरतो. सुरंगी, सावर आणि पळस एकाच प्रवासात हवे असतील तर हाच आठवडा धरावा.

हवामान खातं फेब्रुवारी हिवाळ्यात मोजतं, पंचांगात हा शिशिर, आणि कोकणात मात्र याच दिवसांत पारा सदतिशीला टेकू शकतो. त्यामुळे सामानात स्वेटर आणि सुती टोपी दोन्ही हवेत. तापमान आणि आर्द्रता दाखवणारे दोन साधे डिजिटल मापक, आठ बाय बेचाळीसची दुर्बीण आणि वही एवढं पुरतं. मापक सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, भिंतीपासून आणि गाडीच्या बॉनेटपासून लांब टांगायचा. दहा मिनिटं थांबून आकडा लिहायचा. गाडीतून काढल्या काढल्या घेतलेलं वाचन चार-पाच अंशांनी सहज चुकतं. नोंदी दिवसातून दोनदा घ्याव्यात: सूर्योदयाच्या वेळी, कारण रात्रीचा नीचांक मध्यरात्री नसून तेव्हा असतो, आणि दुपारी अडीचच्या सुमारास.

पहिला दिवस : वेंगुर्ले आणि आसोली

सुरंगीच्या सुगंधी कळ्यांसाठी पहाटे साडेपाचला बाहेर पडावं लागतं. आसोली, आरवली, टांक या पट्ट्यात ही झाडं घरांच्या आवारात आणि बागांच्या कडेला आहेत. कळ्या कोवळ्या फांद्यांच्या शेंड्यांना येत नाहीत, जुन्या फांद्यांना चिकटून गुच्छांनी येतात. त्यामुळे लांबून झाड नुसतं गर्द हिरवं दिसतं आणि फुलं दिसण्याआधी वास येतो. काढणी उन्हं चढण्याआधी उरकतात, कारण ऊन लागलं की कळी उमलते, पाकळ्या गळतात आणि वळेसाराला, म्हणजे गजऱ्याला, काही उरत नाही. फांद्यांवर लाल मुंग्यांचा राबता असतो, म्हणून झाडाखाली डोकं झाकून उभं राहावं. आवार खाजगी असतं. विचारल्याशिवाय आत शिरू नये आणि फांदी वाकवू नये. सुकलेल्या कळ्याही विकल्या जातात, तेव्हा तुमच्या दृष्टीने ‘चार फुलं’ ती कुणाचं तरी हंगामाचं उत्पन्न असतं.

आठनंतर काजू आणि आंबा. काजूच्या एकाच झाडावर मोहोर, हिरवी बी आणि पिकलेला बोंडू असं तिन्ही दिसतं, कारण मोहोर टप्प्याटप्प्याने येतो. मोहोराचे शेंडे करपल्यासारखे काळे पडलेले असतील तर तो बहुधा ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीचा प्रताप. हापूसचं गणित जास्त नाजूक आहे. मोहोर यायला गार रात्री लागतात, पण फळ धरल्यावरही गारठा रेंगाळला तर त्याच फांद्यांवर पुन्हा मोहोर फुटतो, झाडाचा जोर नव्या मोहोराकडे वळतो आणि आधीची कणी, म्हणजे नुकतं धरलेलं बारीक फळ, गळते. या पुनर्मोहोरावर जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम, अशी फवारणी बागायतदार करतात. ती मोहोर भरात असताना आणि पुढे फळ कणीएवढं झाल्यावर. उशीर झाला की पैसे पाण्यात.

उलट बाजूने उष्णता येते, आणि ती पाहायला दुपारी किनाऱ्यावरच असावं. या दिवसांत पठारावरून समुद्राकडे पूर्वेचा वारा वाहतो. घाट उतरताना कोरडी हवा दर शंभर मीटरला साधारण एक अंशाने तापते. तो वारा जोरात असला की खाऱ्या वाऱ्याला आत शिरू देत नाही. एरवी अकरा-बाराला सुरू होणारा खारा वारा अशा दिवशी दोन-तीन वाजेपर्यंत अडून राहतो आणि तेवढ्या वेळात पारा सरासरीच्या पाच-सहा अंश वर जातो. किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेचा निकष ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असा आहे. फेब्रुवारीतच कोकणाला असे इशारे २०२३ आणि २०२५ मध्ये मिळाले. ओळखायचं कसं? माडांच्या झावळ्या कुठे ढळतायत ते पाहा. समुद्राकडे ढळत असतील तर मतलईच चालू आहे. त्या उलट फिरल्या की तासाभरात पारा काही अंश उतरतो आणि मापकावरची आर्द्रता झपाट्याने वाढते. ही फेरपालट दर दहा मिनिटांनी नोंदली तर आठवडाभराच्या वहीतलं सगळ्यात बोलकं पान तयार होतं.

अशा दुपारी वाटाण्याएवढी फळं देठासकट गळतात. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक झाडाला पंधरा दिवसांनी १५० ते २०० लिटर पाणी, तीन-चार वेळा, आणि बुंध्याभोवती गवताचं आच्छादन. कातळावरच्या बागांत टाकीने पाणी चढवावं लागतं, म्हणून ते सगळ्यांना जमत नाही.

मुक्काम सावंतवाडी.

दुसरा दिवस : आंबोली

पहाटे सावंतवाडीत वाचन घेऊन घाट चढायचा. आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे. हवा उंचीसोबत हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते, या हिशोबाने चार अंशांचा फरक पडायला हवा. दुपारी तो तसा मिळतो. पहाटे मात्र गणित कोलमडतं. त्याचं कारण पुढे महाबळेश्वरला कळेल.

घाटात गाडी वळणावर थांबवू नये. धबधब्याजवळच्या रुंद जागेत लावून पायी मागे यावं. कड्यांवर धायटीची लाल नळीदार फुलं झुडपांच्या फांद्यांना ओळीने लगडलेली दिसतात. शिंजीर याच फुलांवर सहज हाताच्या अंतरावर येतो. वर पानगळ झालेल्या फांद्यांवर पांढऱ्या डेंड्रोबियमचे तुरे असतात. हे ऑर्किड दुसऱ्या झाडावर राहतं, पण त्यातून अन्न घेत नाही. पावसाळ्यात जाड खोडांत साठवलेल्या ओलीवर ते पान टाकून फुलतं. फांदीसकट ऑर्किड काढून घरी नेणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय शहरातल्या कोरड्या गॅलरीत ते पुढचा हंगाम काढत नाही.

सदाहरित जंगलात फुलांपेक्षा पालवीकडे पाहावं. लांबून जो तांबूस बहर वाटतो तो बऱ्याचदा जांभळाच्या किंवा नागकेशराच्या कोवळ्या पानांचा असतो. हरितद्रव्य पुरेसं तयार होण्याआधी पानात तांबडं रंगद्रव्य असतं. दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय ‘लाल फुलं’ असं वहीत लिहू नये. या मार्गावर सगळ्यात जास्त चुकणारी नोंद हीच. अंजनीच्या फांद्यांवर बारीक कळ्यांचे झुबके मिळतात. जांभळट-निळं फूल बघायला पुढे मार्चमध्ये परत यावं लागतं.

दुपारी आजऱ्यावरून कोल्हापूर. उसाचा पट्टा, पाहण्यासारखं फारसं काही नाही.

तिसरा दिवस : कोल्हापूर, सातारा, महाबळेश्वर

साताऱ्याहून मेढामार्गे चढावं. कास पठारावर या दिवसांत वळसा घालू नये. सप्टेंबरातला तो गालिचा आता वाळलेलं गवत आणि उघडा जांभा आहे. फुलांचं पठार बारमाही फुलतं असा समज करून आलेले लोक रुसून परत जातात.

मेढ्याच्या घाटात पांगारा आणि वारस शोधावेत. पांगाऱ्याची फुलं शेंदरी-लाल, फांदीच्या टोकाला आडव्या तुऱ्यात, आणि झाडावर पान नाही. वारसाची फुलं पांढरट, कर्ण्यासारखी, सुगंधी. ती सकाळी झाडाखाली पडलेली सापडतात. तेव्हा वर बघण्याआधी खाली बघितलं तर झाड लवकर मिळतं.

चौथा दिवस : वेण्णा तलाव, मग पुणे

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी दोन मापकं हवीत: एक बाजारपेठेच्या उंचीवर, दुसरं वेण्णा तलावाकाठच्या गवताजवळ. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन उष्णता सोडते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि उताराने खोलगट भागात गोळा होते. तलावाच्या बशीत म्हणून बाजारपेठेपेक्षा पारा खाली असतो, आणि गवताच्या पात्यावरचं तापमान तर सव्वा मीटरवरच्या हवेहूनही कमी असतं. डिसेंबर-जानेवारीत इथे दवाचे थेंब गोठतात ते यामुळे. हवेचा पारा शून्याच्या बराच वर असतानाही पातं गोठू शकतं. फेब्रुवारीअखेर बहुतेक वेळा नुसतं दव मिळतं. रात्री ढग आले किंवा वारा सुटला तर तेवढंही नाही, आणि दोन्ही ठिकाणचे आकडे जवळपास सारखे येतात. तसं झालं तर मापक बिघडलं म्हणून त्याला दोष देऊ नये.

याच कारणाने १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरपेक्षा ५६० मीटरवरच्या पुण्याची फेब्रुवारीतली पहाट जास्त गार असते. पुण्याचं या महिन्यातलं सरासरी किमान तापमान बारा-तेराच्या आसपास, महाबळेश्वरचं चौदा-पंधराच्या. गार हवा माथ्यावरून खाली ओघळून जाते आणि पठारावर साचते. दुपारी मात्र माथा सत्तावीस-अठ्ठावीसला थांबतो आणि पुणे बत्तीस-तेहतीस गाठतं. पुण्याचा दिवस-रात्रीतला हा वीस अंशांचा झोका समुद्राकाठी बघायला मिळत नाही.

महाबळेश्वरच्या जंगलात जांभूळ आणि हिरड्याचा मोहोर अजून पुढे आहे. मधपेट्या ठेवणाऱ्यांचा मुख्य हंगाम तेव्हाचा. पेट्यांतली सातेरी मधमाशी शांत असते. कड्यांवरच्या आग्या मोहोळांची मात्र थट्टा नको: अत्तर लावून, धूर करून किंवा ड्रोन उडवून पॉइंटांवर जाऊ नये.

वाईमार्गे उतरताना सावरी लागतात, आणि इथे तासभर मोडावा. सावर निवडताना एकट्या, रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या झाडाची निवड करावी. पाच जाड लाल पाकळ्या, आत पुंकेसरांचे जुडगे, आणि तळाशी पेल्यात मध. दहाच्या आत वीस मिनिटं एकाच फांदीवर नजर ठेवली तर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, हळद्या, खारी असे कितीतरी गिऱ्हाईक मोजून होतात. भोरड्यांचा थवा आला की मोजणं सोडून द्यावं लागतं. युरोपच्या आग्नेयेकडून आणि मध्य आशियातून आलेले हे पाहुणे एप्रिलपर्यंत परततात, आणि पळसमैना हे त्यांचं दुसरं नाव त्यांच्या येथल्या आहाराला धरूनच आहे. दहानंतर मध ओसरतो आणि झाड रिकामं वाटू लागतं. उशिरा पोहोचलेला माणूस ‘या झाडावर काहीच येत नाही’ असं लिहून मोकळा होतो.

पुणे शहरात गुलाबी टॅबेबुया फुललेला असतो. रंग देखणा, झाड परदेशी, रस्त्याच्या कडेला लावलेलं. फोटो काढा आणि पुढे व्हा.

पाचवा दिवस : पुणे ते छत्रपती संभाजीनगर

सुमारे २३५ किलोमीटर. रब्बी ज्वारी काढणीला आलेली, हरभरा घाट्यांनी भरून वाळत चाललेला, मधून करडईचे पिवळे-केशरी तुकडे. करडईच्या शेतात पँट घालूनच शिरावं. काटे पायजम्यातून आत जातात. झाडांचा बहर विरळ, रस्ता लांब. दुसऱ्या दिवशीसाठी लवकर झोपलेलं बरं.

सहावा दिवस : अजिंठा, बुलढाणा, अकोला

सोमवार आला तर दिवसांची अदलाबदल करा. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने जावं लागतं. वाघूर नदीच्या नालाकृती वळणात काळ्या बसाल्टच्या उभ्या भिंती आहेत. उघडा खडक सकाळपासून तापतो आणि दुपारी समोरच्या भिंतीवरून उष्णता अंगावर येते, म्हणून लेण्यांसमोर दुपारी घेतलेलं वाचन गावाच्या हवामानाचं धरू नये.

आभाळाकडे लक्ष द्यायचा दिवस हाच. उत्तरेत पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची प्रणाली, सरकत असताना समुद्राकडून दमट वारे आत येतात आणि वायव्येच्या कोरड्या, गार हवेशी त्यांची गाठ मराठवाडा-विदर्भावर पडते. दुपारच्या तापल्या जमिनीवर मग ढग उंच चढतात आणि गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपिटीने या पट्ट्यातला गहू, हरभरा, द्राक्षं आणि संत्री झोडपली होती. खुणा अशा: सकाळीच हवेत चिकटपणा, मापकावर एरवीच्या दुप्पट आर्द्रता, दक्षिणेचा वारा, आणि दुपारी फुलकोबीसारखे वर वर फुगणारे ढग. मोबाइलवर हवामान खात्याचा जिल्हावार इशारा सकाळीच पाहावा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर ताबडतोब गाडीत बसा, काचा बंद करा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उतरू नका. माळावरच्या एकट्या पळसाखाली आसरा घेणं सगळ्यात वाईट. गारांनी फुटलेल्या पाकळ्या दुसऱ्या दिवशी तपकिरी पडतात. अशा झाडावरून बहर संपत आल्याची नोंद करू नये, कळ्या शिल्लक आहेत का ते पाहावं.

बुलढाण्याहून खामगावकडे उतरणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. सागाची पानं गळून चाललेली, सालईची साल कागदासारखी सुटलेली, आणि इथून पळस सलग सोबत करतो. घाट उतरला की अकोल्यापर्यंत पारा जाणवण्याइतका चढतो.

सातवा दिवस : अकोट, परतवाडा, चिखलदरा

पळसाचा दिवस. सहाला निघा. बांधावरचा, मुरमाड माळावरचा आणि नाल्याकाठचा अशी तीन झाडं निवडून प्रत्येकाचं पान, कळी, फूल यांचं प्रमाण टक्क्यांत लिहा: शून्य, पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण एवढेच टप्पे ठेवले तर दोन माणसांच्या नोंदी जुळतात. मुरमावरचं झाड बहुधा पूर्ण निष्पर्ण आणि भरात असतं. नाल्याकाठच्या झाडावर जुनी पानं अजून टिकून असतात आणि त्यात फुलं लपतात. एकाच गावात, एकाच तापमानात हा फरक दिसतो, कारण जमिनीतली ओल वेगळी. कोकणात पारा आधी चढतो म्हणून बहरही पश्चिमेकडून पूर्वेकडे क्रमाने सरकेल, अशी अपेक्षा घेऊन आलेल्याला ही तीन झाडं पुरतात. पिवळ्या फुलांचा पळस क्वचित असतो. सापडलाच तर त्याची नेमकी जागा जाहीर करू नये, सालीसाठी आणि मुळांसाठी अशी झाडं ओरबाडली जातात.

फोटो नऊच्या आत. दुपारी केशरी रंग कॅमेऱ्यात फाटतो आणि पाकळीवरची लव दिसत नाही. एक्स्पोजर पाऊण स्टॉपने कमी ठेवलं की चोचीसारख्या वळलेल्या पाकळीचा आकार उठून येतो.

परतवाड्याहून चढून चिखलदरा ११०० मीटरच्या घरात. दुपारी खाली आणि वर चार-पाच अंशांचा फरक मिळतो. चढणीच्या खडकाळ उतारांवर सोनसावर शोधा: पान नसलेलं वेडंवाकडं झाड आणि टोकांना मोठी, चकचकीत पिवळी फुलं. त्याच्या आसपास कढईची पांढरीफटक खोडं असतात.

आठवा दिवस : सेमाडोह आणि सिपना

चिखलदऱ्याहून सेमाडोहला उतरताना पुन्हा पुण्याचाच धडा: पहाटे सिपनाच्या खोऱ्यात माथ्यापेक्षा जास्त बोचतं. स्वेटर इथे लागतो. नदीकाठच्या कुसुमाच्या झाडांवर लालभडक पालवी असते. पळसाच्या रांगेत ती दुरून बहरासारखीच दिसते, पण दुर्बिणीत पानं स्पष्ट कळतात.

मेळघाट हा १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला. रस्ता सोडून आत उतरायचं नाही. वनविभागाच्या नाक्यावर वाहतुकीच्या वेळा विचारून घ्याव्यात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरला जातो. सागाचा पाचोळा गुडघ्याएवढा साचतो आणि दुपारच्या कोरड्या वाऱ्यात एक काडी पुरते, म्हणून स्टोव्ह, विडी, काडेपेटी गाडीतच. इथल्या कोरकू आदिवासींची होळी जवळ आलेली असते. फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागायला रस्त्यात मुलं आडवी येतात. हसून काही द्यावं, कॅमेरा आधी पुढे करू नये.

नववा दिवस : मोर्शी, वरूड, नागपूर

संत्र्याच्या बागांत एकाच शिवारात दोन हंगाम भेटतात. आंबिया बहार धरणाऱ्यांनी डिसेंबरात पाणी तोडून झाडांना ताण दिलेला असतो, भारी जमिनीत जास्त दिवस, हलक्या जमिनीत कमी. जानेवारीत पाणी सोडलं की पांढरी फुलं येतात आणि फेब्रुवारीअखेर त्यांचा शेवटचा भर चालू असतो. शेजारच्या मृग बहाराच्या बागेत मागच्या पावसाळ्यातल्या फुलांची फळं तोडली जात असतात. ताण अपुरा पडला तर फूल कमी आणि पालवीच जास्त. फूल लागल्यावर पारा एकदम चढला तर बारीक फळांची गळ होते. वरूडच्या शेतकऱ्याला आणि वेंगुर्ल्याच्या बागायतदाराला एकाच आठवड्यात एकच काळजी असते, पण वेंगुर्ल्याची पहाट विसाच्या आसपासची आणि वरूडची पंधराच्या. बागेत फवारणी झाली आहे का ते विचारूनच फुलांजवळ जावं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच सवड असेल तर मार्ग उलटा धरावा. मेळघाटात पळस वाळायच्या आत आणि मोहाच्या सुरुवातीला पोहोचायचं, महाबळेश्वरात जांभळाच्या मोहोरासाठी एक मुक्काम वाढवायचा, आणि वेंगुर्ल्यात उशिराची सुरंगी, करवंदाची पांढरी फुलं आणि बोंडूंचा भर गाठायचा. सावर त्या फेरीतून वगळावी. मोहाखाली पहाटे गाडी नेऊ नये. उजाडण्याआधीच माणसं तिथे फुलं वेचत असतात.